बाहेर पाऊस, पोटरीवर पांढरी रेघ

डिसेंबरातली सकाळ. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घराच्या खिडकीवरून पावसाचे ओघळ चाललेत, मागच्या अंगणातलं गवत पंधरा दिवसांत एकदाही सुकलेलं नाही, आणि मी खुर्चीत बसून स्वतःच्या पोटरीवर नख ओढून बघते आहे. नखामागे रेघ उमटते. पाटीवरच्या पेन्सिलीसारखी पांढरी, भुरकट, कडेला बारीक कोंडा उडालेली. आपल्या सावळ्या कातडीवर ती फारच उठून दिसते.

मी चिपळूणच्या पावसात वाढले. तिथे जून ते सप्टेंबर पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी चढते आणि अंगाला काही लावावं असं कुणाच्या मनातही येत नाही. पाऊस आणि कोरडं अंग एकाच दिवशी भेटू शकतात, हे मला या देशात येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात पाय उलले, ओठ फुटले, बोटांच्या पेरांवर केसाएवढ्या भेगा पडल्या आणि लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. आईने फोनवर विचारलं, "अगं, अंगाला तेल लावतेस की नाही?" तेल होतं. खिडकीत ठेवलेली खोबरेलाची निळी बाटली मेणबत्तीसारखी पांढरी, घट्ट होऊन बसली होती. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, आणि आमच्या घरात तेवढी ऊब उन्हाळ्यातल्या मोजक्या दुपारी सोडल्या तर कधी नसते.

त्या रेघेचा माग काढत गेले आणि जे सापडत गेलं त्याने मी अजून थक्क आहे.

आधी हवेचं गणित. ५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जेमतेम ७ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना १७ ग्रॅम. बाहेर पाऊस पडत असताना ती ५ अंशांची हवा काठोकाठ भरलेली असते, पण तिचं भांडंच मुळात लहान. हीच हवा दाराच्या फटीतून घरात येते, रेडिएटरला लागून वर चढते, २० अंशांची होते. पाणी तेवढंच राहिलं आणि भांडं अडीचपट मोठं झालं. आर्द्रता १०० टक्क्यांवरून थेट ४० च्या आसपास, आणि बाहेर गोठणबिंदू गाठला असेल तर तिशीच्याही खाली. स्वयंपाकाची वाफ, माणसांचे श्वास, घरात वाळत घातलेले कपडे यांची थोडी भर पडते, एवढंच. कोकणातल्या जुलैच्या हवेत मात्र घनमीटरमागे २२ ते २५ ग्रॅम पाणी असतं. पाऊस दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण इथला पाऊस खिडकीबाहेर राहतो आणि घरातली हवा दिवसभर तहानलेली असते. ती तहान ती आपल्या अंगावर भागवते.

तिच्या वाटेत उभा असतो तो कातडीचा सगळ्यात वरचा थर. शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेटम कॉर्नियम म्हणतात, मी आपली साल म्हणते. तळवे आणि तळहात सोडले तर ही साल १५ ते २० मायक्रोमीटर जाड असते, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या साधारण चौथा हिस्सा. तेवढ्यात पंधरा-वीस चपट्या पेशींची चवड बसवलेली असते आणि त्यातली एकही जिवंत नसते. खालच्या जिवंत थरांत ७० टक्के पाणी, वर कोरडी खोली, आणि मधे हा मेलेल्या पेशींचा पाव कागद! तो नसता तर आपण काही दिवसांत वाळून गेलो असतो. तो आहे म्हणून घाम धरला नाही तर दिवसाला सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटरच पाणी कातडीतून उडून जातं.

ही साल मऊ कशाने राहते? आपलं उत्तर ठरलेलं असतं: तेलाने. १९५२ साली अमेरिकेत बॉस्टनला अर्विन ब्लँक यांनी हे उत्तर तपासलं. त्यांनी माणसाच्या पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेतले, वाकवले की कडकन मोडतील असे. ते तेलांत भिजत ठेवले. तुकडे ठिसूळच राहिले. पाणी दिलं तेव्हा मात्र तेच तुकडे लवचीक झाले. सालीला मऊ करतं ते पाणी. तेल फार तर ते पाणी धरून ठेवायला मदत करतं. कोरड्या खडखडीत पायांवर रात्री तेल चोळून सकाळी ते तसेच का असतात, याचं उत्तर सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेलं आहे, आणि मी कितीतरी वर्षं कोरड्या पायांवरच तेल चोळत होते.

मग मेलेल्या पेशी पाणी धरतात कशाच्या जोरावर? इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, आणि तिचे दोन मोठे अंक ब्रिटनमध्येच घडले.

पेशी कातडीच्या तळाशी जन्मते आणि वर ढकलली जाते. मरणाच्या अलीकडच्या टप्प्यावर ती एक भलं मोठं प्रथिन तयार करून ठेवते. एकासारखे एक असे १० ते १२ मणी ओवलेली माळच म्हणा. पेशी सपाट होताना माळ तुटते, मणी सुटे होतात. या मण्याचं नाव फिलॅग्रिन. आधी तो पेशीतल्या केराटिनच्या धाग्यांना आवळून मोळी बांधतो आणि त्यामुळे पेशी चपटी होते. तेवढं काम झालं की फिलॅग्रिन स्वतःच कणाकणाने मोडतो आणि त्याची अमिनो आम्लं होतात. ही अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून बनणारी काही द्रव्यं पाण्याला चिकटून राहतात, मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं तशी हवेतलीही वाफ ओढून घेतात. घामातून आलेलं लॅक्टेट आणि युरिया त्यांत मिसळतं. असं हे मलम प्रत्येक मृत पेशीच्या पोटात आतून भरलेलं असतं. जाताना पेशी स्वतःचं मोडून मागे पाणी ठेवून जाते.

बेडफर्डशायरमधल्या कोलवर्थच्या प्रयोगशाळेत इयन स्कॉट आणि क्लाइव्ह हार्डिंग यांनी विचारलं, की हे मोडणं सुरू कधी होतं? १९८६ साली त्यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवरचं काम प्रसिद्ध केलं. गर्भात पिल्लाच्या सालीत फिलॅग्रिन साठून राहतो, मोडत नाही. पिल्लू जन्मलं, अंगाला पहिल्यांदा हवा लागली, की काही तासांत तो मोडायला लागतो. पण पिल्लाला वाफेने भरलेल्या हवेतच ठेवलं तर ते मोडणं सुरूच होत नाही! म्हणजे त्या मेलेल्या पेशीला बाहेरचा कोरडेपणा कळतो. हवा दमट असेल तर साठा तसाच राहू दे. कोरडी झाली तर मोड आणि पाणी धर. ना मेंदू, ना मज्जातंतू, ना रक्त. नुसत्या रसायनांत बसवलेली समज. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात पुढे धरून किती तरी वेळ मनगटाकडे बघत बसले होते.

या समजेला वेळ मात्र लागतो. दमट हवेत ठेवलेल्या उंदरांना अचानक कोरड्या हवेत हलवलं, की त्यांच्या सालीतून पाणी निसटायला लागतं आणि ती सावरायला आठवडाभर घेते, असं २००२ साली दाखवलं गेलं. जुलैत मुंबईत विमानात बसून केबिनच्या कोरड्या हवेतून हीथ्रोला उतरणाऱ्या आपल्या माणसांच्या ओठांचं काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरा अंक स्कॉटलंडमधल्या डंडीचा. एकेकाळी बंगालचा ताग इथल्या गिरण्यांत विणला जायचा. २००६ साली डंडी विद्यापीठात आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने डब्लिनच्या डॉक्टरांबरोबर फिलॅग्रिनच्या जनुकातले बिघाड शोधून काढले. जनुक लांबलचक आणि एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिल्यासारखा, त्यामुळे तो धड वाचताच येत नव्हता. वाचता आला तेव्हा कळलं की युरोपीय वंशाच्या सुमारे ९ टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत निकामी असते. त्यांच्या सालीत पाणी धरणारं मलम कमी पडतं, कातडी कोरडी राहते आणि एक्झिमाचा, म्हणजे इसबाचा, धोका बराच वाढतो. तोवर बहुतेकांना एक्झिमा हे आतल्या प्रतिकारशक्तीचं बिनसणं वाटायचं. डंडीने दाखवलं की बऱ्याच जणांत सुरुवात बाहेरच्या भिंतीपासून होते. या लोकांच्या तळहातांवर, विशेषतः अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, नेहमीपेक्षा जास्त आणि खोल रेषा असतात. डॉक्टर हात हातात घेऊन त्या बघतात. आपल्याकडे हात बघणारे आयुष्यरेषा शोधतात. इथे रेषांची दाटी सांगते की पाणी धरणारं प्रथिन कमी आहे.

आणखी एक नवल, मग पुढे जाते. १८८७ साली ग्लासगो विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, एका भूमितीच्या कोड्यात गुंतले होते: फट न ठेवता जागा भरायची आणि पृष्ठभागांचं क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायचं, तर तुकड्यांचा आकार कोणता? त्यांनी सुचवला चौदा बाजूंचा घन, ६ चौकोन आणि ८ षटकोन. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि टोकियोच्या केइओ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की सालीच्या लगेच खाली असलेल्या पेशी याच आकाराच्या असतात, फक्त चपट्या केलेल्या. त्यामुळे एक पेशी सुटून वर गेली आणि तिच्या जागी खालची आली, तरी मधे फट पडत नाही. केल्विन ज्या हाताने ती आकृती काढत होते त्या हाताच्या कातडीतही ती होतीच.

पण विटा कितीही नेमक्या असल्या तरी गिलावा लागतो. सालीतल्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थांचे पदर असतात: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा गिलावा शरीर बरंचसं स्वतः बनवतं, पण त्यातला एक घटक त्याला बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने मिनेसोटा विद्यापीठात उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं अन्न दिलं. उंदरांच्या शेपट्या खवल्यांनी भरल्या, आणि ते पाणी पिऊन पिऊन थकले तरी पाणी अंगात टिकेना, कातडीतून उडून जाई. लिनोलेइक आम्ल द्यायला लागल्यावर ते सुधारले. "भरपूर पाणी प्या, कातडी तुकतुकीत होईल" असं कुणी म्हणालं की मला ते उंदीर आठवतात. पाणी जरूर प्यावं, शरीराला ते लागतंच. पण सालीत रक्तवाहिनी नाही. ज्याला मुळात पाण्याची कमतरता नाही त्याने आणखी चार पेले रिचवले म्हणून पोटरीवरची रेघ पुसली जात नाही. भिंत गळत असेल तर टाकी भरून काय उपयोग?

हे लिनोलेइक आम्ल आपल्या घाण्यावरच होतं. करडईच्या तेलात ते साधारण ७५ टक्के असतं. सोलापूर, लातूर, परभणीच्या काळ्या रानात ज्या काटेरी पिकातून चालता येत नाही, ती करडई. नेहमीच्या सूर्यफुलात त्याहून थोडं कमी, तिळात चाळीस-पंचेचाळीस, शेंगदाण्यात तिसाच्या आसपास, ऑलिव्हमध्ये दहाएक टक्के, आणि खोबरेलात नावापुरतं. ऑलिव्हमध्ये त्याच्या जागी ओलेइक आम्ल भरलेलं असतं, आणि तिथेच गोम आहे. शेफिल्डच्या संशोधकांनी २०१३ साली १९ जणांच्या हातांवर चार-पाच आठवडे दिवसातून दोनदा सहा-सहा थेंब तेल लावून पाहिलं. ऑलिव्हने सालीची वीण सैल झाली, हलकी लालीही आली. सूर्यफुलाने वीण शाबूत राहिली आणि ओलावा वाढला. त्या काळी इथल्या सुईणी आणि नर्सा बाळाच्या कोरड्या कातडीला सर्रास ऑलिव्ह तेल सुचवत होत्या! मी स्वतः ते वर्षभर लावलं होतं, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार अशा समजुतीने. आता आमच्याकडे ते फक्त कोशिंबिरीत पडतं. सूर्यफुलाची बाटली घेताना लेबल मात्र वाचावं लागतं. तळणासाठी बनवलेल्या काही वाणांत ओलेइकच भरपूर असतं. खोबरेलाची जात तिसरी. ते मुख्यतः लॉरिक आम्ल, सालीवर झाकण घालण्याचं काम चांगलं करतं. ओल्या अंगावर लावलं तर आईचा सल्ला अगदी बरोबर आहे.

झाकणाचा विषय निघाला की यॉर्कशायरच्या मेंढ्यांना टाळता येत नाही. धनगराची घोंगडी ज्याने पावसात पांघरली आहे त्याला तिचा तो तेलकट उग्र वास ठाऊक असतो. पाणी तिच्यावरून ओघळून जातं, लवकर आत शिरत नाही. लोकरीत मेंढीच्या कातडीतून पाझरलेलं मेण असतं. गिरणीत लोकर धुतली की ते मेण धुणाच्या पाण्यात उतरतं. लोकरीच्या गिरण्यांचं शहर असलेल्या ब्रॅडफर्डच्या सांडपाण्यात ते इतकं यायचं, की एशॉल्टच्या सांडपाणी केंद्रात ते वेगळं काढून विकलं जायचं. १८८२ साली जर्मनीत त्या मेणाला शुद्ध करून लॅनोलिन हे नाव मिळालं, आणि १९२५ साली यॉर्कशायरमधल्या रॉक्लिफ ब्रिज या गावी क्रोडा नावाची कंपनी ते बनवण्यासाठीच निघाली. लॅनोलिन दिसायला मेण, पण स्वतःच्या दुप्पट वजनाचं पाणी पोटात घेऊ शकतं. पावसात उभ्या राहणाऱ्या जनावराने स्वतःसाठी बनवलेलं मलम फुटलेल्या टाचांना लागू पडतं, यात मला फार समाधान वाटतं. काहींना लोकरीच्या मेणाची ॲलर्जी असते. त्यांनी आधी कोपराच्या आत थोडंसं लावून बघावं.

आता पाणी. आमच्या किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरी खडबडीत पुटं चढतात. शाळेच्या पुस्तकात दोन शब्द होते, सुफेन आणि दुष्फेन. त्यातला दुष्फेन म्हणजे काय ते मला रेडिंगच्या न्हाणीघरात कळलं. साबण घासत राहावं आणि फेसाऐवजी चिकट साका हाताला लागावा. टेम्सच्या खोऱ्यातलं पाणी चिल्टर्न टेकड्यांच्या खडूतून झिरपून येतं. हा खडू म्हणजे क्रेटेशस काळातल्या उबदार समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची कवचं, एकावर एक साचत गेलेली. त्या युगाचं नावच लॅटिनमधल्या खडूच्या शब्दावरून पडलं, आणि ते संपलं तेव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. त्या शैवालांचं कॅल्शियम आज सकाळी माझ्या साबणाला भेटलं आणि त्याचा साका माझ्या पोटरीवर बसला.

पुढे ग्लासगोला मैत्रिणीकडे गेले तेव्हा साबण नुसता हाताला लागला तर फेसाचे डोंगर उभे राहिले, धुऊन धुऊन जाईनात. ग्लासगोला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या सरोवराचं पाणी येतं. जुन्या कठीण खडकांवरचं, जवळजवळ क्षारच नसलेलं. चार दिवसांत माझ्या हातांच्या भेगा मिटायला लागल्या. एका माणसाचा चार दिवसांचा अनुभव पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण शेफिल्ड आणि लंडनच्या संशोधकांनी २०१८ साली ८० जणांवर दाखवलं की दुष्फेन पाण्याने धुतलं की साबणातली तीव्र द्रव्यं कातडीवर जास्त चिकटून राहतात, जास्त दाह करतात, आणि ज्यांच्यात फिलॅग्रिन कमी त्यांना सर्वांत जास्त त्रास होतो. मग घरोघर पाणी मऊ करायची यंत्रं बसवावीत का? नॉटिंगहॅमच्या गटाने ३३६ एक्झिमाग्रस्त मुलांवर तेही करून पाहिलं. २०११ साली निकाल आला की यंत्राने एक्झिमात काही फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाणी बदलण्यापेक्षा साबण आवरणं स्वस्त आहे आणि हातात आहे.

साबणाचा सामू ९-१० असतो, कातडीचा ५ च्या आसपास, किंचित आंबट. गिलावा बनवणारी विकरं त्या आंबटपणातच नीट चालतात. आपल्याकडे दिवाळीत नरकचतुर्दशीला आधी तेल, मग उटणं, शेवटी ऊन पाणी, असा जो क्रम आहे तो मला आता वेगळाच दिसतो. तेल आधी बसलेलं असतं, उटण्यातलं मसुराचं पीठ जादा तेल आणि मळ अलगद ओढून घेतं आणि सालीचा गिलावा बराचसा जागेवर राहतो. दिवाळी येते तीही थंडीच्या तोंडाशी, म्हणजे साल बदलत्या हवेशी जुळवून घेत असते तेव्हा. कोलवर्थच्याच संशोधकांनी १९९६ साली दाखवलं की हिवाळ्यात आणि वयाबरोबर सालीतले हे स्निग्ध पदर पातळ होतात. आमच्या सासूबाई साठीनंतर अभ्यंग फक्त दिवाळीपुरता न ठेवता दर रविवारी करत. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथल्या थंडीत मी काय करते ते सांगते. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-सात मिनिटांत उरकते; कढत पाण्याखाली वीस मिनिटं उभं राहण्याचा मोह मला रोज होतो, पण पाणी धरणारी ती अमिनो आम्लं पाण्यातच विरघळतात आणि मोरीतून वाहून जातात. साबण काखा, जांघा आणि पावलं यांपुरता. पंचाने अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावायचं. ब्लँक यांच्या घट्ट्याला जे हवं होतं ते पाणी त्या क्षणी सालीत असतं, त्यावर झाकण ठेवायचं एवढंच. ओट्सची मूठ पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोमट पाण्यात पिळली की दुधासारखं निसरडं पाणी निघतं. खाज सुटली की ते फार बरं वाटतं. स्कॉटलंडच्या आज्यांचा हा उपाय मला आपल्या डाळीच्या पिठाचा चुलतभाऊ वाटतो.

मलम कुठलं घ्यावं यावर इथे लाखो पौंडांच्या जाहिराती होतात. ब्रिस्टलच्या गटाने एक्झिमा असलेल्या ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम अशा चार गटांत वाटून दिलं. २०२२ चा निकाल: चारही सारखीच उपयोगी. जे मूल आवडीने लावून घेईल ते चांगलं. आंघोळीच्या पाण्यात ओतायची तेलं साउदॅम्प्टनच्या गटाने २०१८ साली ४८२ मुलांवर तपासली, त्यांचा जादा फायदा दिसला नाही. आणि वर्षानुवर्षं कोरड्या कातडीला दिलं जाणारं ॲक्वियस क्रीम? बाथ विद्यापीठातल्या प्रयोगात २०१० साली दिसलं की त्यातल्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे निरोगी कातडीची सालच पातळ होते. शाम्पूत असतं तेच द्रव्य मलमात होतं. आता ते अंगाला लावून ठेवू नका, असं डॉक्टर सांगतात.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. मलम किंवा तेल कपड्यांत, चादरीत मुरलं की ते कापड चटकन पेट घेतं. पॅराफिन नसलेली मलमंही याला अपवाद नाहीत. २०१८ पासून ब्रिटनच्या औषध नियामकाने तसा इशारा छापायला लावला आहे. अंगाला तेल लावलेली माणसं त्याच ओढणीनिशी, त्याच शालीनिशी देवापुढे निरांजन लावतात. जपा.

मागच्या फेब्रुवारीत शेजारच्या मैत्रिणीला मुलगा झाला. तिची आई, आम्हा सगळ्यांच्या काकू, बाळंतपणासाठी लातूरहून आल्या होत्या. पिशवीत करडईच्या तेलाची बाटली, डिंक, हळीव, बाळंतशेपा. मी भेटायला गेले तेव्हा बाळ सहा तासांचं होतं. काकूंनी माझा हात धरून मला पाळण्यापाशी नेलं.

"हे बघ गं. लोणी चोपडल्यासारखं काय लागलंय अंगाला? कुणी पुसत कसं नाही? आंघोळही उद्याच्या आत नाही म्हणतात."

बाळाच्या खांद्यांवर, काखेत, कानामागे पांढरा दाट लेप होता. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ तो स्वतः बनवतं. त्यात ८० टक्के पाणी असतं, उरलेल्यात निम्मी प्रथिनं आणि निम्मे स्निग्ध पदार्थ, आणि ते पाणी सुटं नसतं, चपट्या पेशींच्या पोटात भरलेलं असतं. पाण्यात नऊ महिने पोहलेल्या, साल नव्याने बनत असलेल्या अंगाचं हे पहिलं मलम. जागतिक आरोग्य संघटना आंघोळ २४ तास लांबवा म्हणते, आणि तो लेप पुसू नये, त्याचा तो मुरू द्यावा, असं इथल्या सुईणी सांगतात.

मी काकूंना तेलाचंही खरं सांगितलं. ढाक्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने माखलं तेव्हा त्यांच्यातले जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले, कारण त्यांची साल तयारच झालेली नसते. पण पूर्ण दिवसांच्या ११५ बाळांवर मँचेस्टरला केलेल्या अभ्यासात तेल लावलेल्यांची कातडी ओलसर राहिली तरी गिलाव्याचे पदर तेल न लावलेल्यांइतके नीट बसले नाहीत. आणि १३९४ बाळांना वर्षभर रोज मलम लावूनही एक्झिमा टळला नाही, असं २०२० साली नॉटिंगहॅमकडून कळलं. मालीश करायची तर करावी, पोराला आजीचा हात कळतो. पण थोडे दिवस थांबून.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं, ती पिशवीत तळाशी ठेवली, हात धुऊन आल्या. मग खुर्ची पाळण्याजवळ ओढून त्या बसल्या आणि बाळाच्या कानामागचा तो पांढरा लेप हळूहळू आत जाताना दिसतो का, ते वाकून बघायला लागल्या.